सातव्या आठवड्याचं वजन

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आज बाजारात एका बाईने विकत घेण्याआधी करडू छातीशी धरून त्याचं वजन अजमावलं, आणि मला शेळ्या राखणाऱ्या सखूबाई आठवल्या.

मी एका गावात राहून शेळ्यांच्या वाढीवर प्रबंध लिहीत होतो, तेव्हा त्या माझ्यासाठी दर आठवड्याला करडांची वजनं करायच्या. वाढ आधी सावकाश होते, मग भराभर, मग थबकते. कागदावर तिची ताणलेल्या इंग्रजी एससारखी रेघ उमटते. सातव्या आठवड्यात एका करडाचं वजन घटलं आणि माझी रेघ बिघडली.

"काटा वाचता येत नाही का? चष्मा लावा," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"चष्मा तुमीच लावा, सायेब. त्ये पोर दूध पीत न्हाई."

मी तो आकडा खोडून रेघेत बसेल असा लिहिला. चार दिवसांनी करडू मेलं. रेघेचं मात्र कौतुक झालं. सखूबाईंना मी पुन्हा काट्यापाशी येऊ दिलं नाही.

वाढता जीव मध्येच खचतोही. माझ्या रेघेत त्याला जागा नव्हती, आणि मला ती करायची नव्हती.

सखूबाई अजून त्याच गावात राहतात. त्यांनी वाचलेला आकडा खरा होता आणि खोटं मी लिहिलं, हे त्यांना चारचौघांत सांगायचं अजून राहिलं आहे.