थोरली परत पाण्यावर गेली

थोरली सदतीस वर्षांची होती आणि ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. ट्रकवर टाकायची ताडपत्री, दुकानापुढचं छत, कधीमधी एखादं फाटलेलं शीड. तिच्या मशीनची सुई बोटभर लांब आणि तिचं बोलणं त्याहून आखूड, असं बरोबरच्या बायका म्हणायच्या. ही बाई एके काळी शिडाच्या बोर्डावर उभी राहून देशासाठी शर्यती खेळली होती, हे त्यांतल्या निम्म्या जणींना ठाऊकही नव्हतं.

एका दुपारी तिचे जुने मास्तर चिरलेलं शीड खांद्यावर टाकून कारखान्यात आले. शीड त्यांनी टेबलावर पसरलं, पण बोलले भलतंच.

"जागतिक स्पर्धेला तिघींचा संघ लागतो. माझ्याकडे दोघीच आहेत. तू आलीस तर त्या जातील, नाहीतर दोघी घरी बसतील."

"मास्तर, माझं वय तरी बघा."

"वारा वय विचारत नाही."

"गुडघे विचारतात," ती म्हणाली आणि चिरेवर खडूने खूण करू लागली.

मास्तरांना यातलं अर्धंच माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी ती आणि तिची धाकटी बहीण दोघी विंडसर्फिंगच्या शर्यती खेळत. जागतिक स्पर्धेसाठी जागा एकच होती. निवडीच्या शेवटच्या शर्यतीत सुरुवातीच्या रेषेवरच दोघींचे बोर्ड एकमेकांवर आदळले आणि धाकटीच्या डाव्या कोपराचा चुरा झाला. नियम साधा आहे: समोरासमोर आलं तर जिच्या उजव्या हाताकडून वारा येतो तिचा हक्क पहिला, दुसरीने वाट सोडायची. हक्क धाकटीचा होता. थोरलीला ती स्पष्ट दिसत होती. वळेल शेवटी, नेहमी तीच वळते, असं धरून ती सरळ घुसली. पंचांनी चौकशी केली तेव्हा धाकटी दवाखान्यात होती. थोरली म्हणाली, "ती ऐनवेळी माझ्या अंगावर वळली. मला जागाच उरली नाही." पंचांनी ते खरं मानलं. चूक धाकटीच्या नावावर लागली.

थोरली स्पर्धेला गेली, शेवटून तिसरी आली आणि पुन्हा बोर्डाला शिवली नाही. नात्यातले म्हणाले, बहिणीपायी खेळ सोडला, काय माया आहे बघा. तिने तेही कधी खोडून काढलं नाही.

तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. मास्तरांचं ऐकून तो म्हणाला, "जायचं तर जा. नसेल जायचं तर उद्याच सांगून टाक, म्हाताऱ्याला ताटकळत ठेवू नकोस." ती सरावाला जाऊ लागली.

नऊ वर्षांत खेळ पार बदलला होता. बोर्डाखाली आता फॉइल नावाचं लांब पातं असे. वेग आला की सगळा बोर्ड पाण्याच्या वर उचलला जायचा. पहिले काही आठवडे ती बोर्डावर कमी आणि पाण्यातच जास्त होती. तळहात सोलले, पाठ धरली. पण पाच महिन्यांत अंगाला जुनी ओळख पटली आणि ती त्या दोघींच्या बरोबरीने धावू लागली. अडत होतं फक्त सुरुवातीला. भोंग्याच्या आधी सगळ्या रेषेला दाटीने भिडत, आणि ही चार बोर्ड मागे राही.

"शर्यत सुरू झाल्यावर तू निघतेस," मास्तर म्हणाले. "कशाला भितेस एवढी?"

तिने शीड गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती धाकटीच्या दुकानात गेली. धाकटी चष्मे विकायची. डावा हात कोपरात पुरता सरळ होत नसे, म्हणून ती फ्रेम पोटाशी धरून उजव्या हाताने स्क्रू पिळत होती.

"तू वळली नव्हतीस," थोरली म्हणाली. "मी खोटं बोलले."

धाकटीने स्क्रू पुरता बसवला. "मला माहीत आहे. मी तिथेच होते ना!"

"मग बोलली का नाहीस?"

"आईने हात जोडले. म्हणाली, एकीचा हात गेला, आता दुसरीची अब्रू नको." तिने चष्मा डबीत ठेवला. "आणि मला वाटलं, तू सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल. मग वाट बघायचं सोडून दिलं."

"मी जाऊ नको का स्पर्धेला?"

"तुझं तू ठरव. फक्त माझ्यासाठी खेळतेय असं कुणाला सांगू नकोस. ऐकलं तर मी येऊन तोंडावर बोलेन."

स्पर्धा परदेशात होती, सहा दिवसांची, बावन्न जणींची. पहिले चार दिवस थोरली पुन्हा रेषेमागेच रेंगाळली आणि रोज पंचेचाळिसाव्या जागेच्या आसपास आली. पाचव्या दिवशी वारा चढला आणि ती पहिल्यांदाच रेषेला भिडली. तिच्या उजव्या हाताकडून वारा येत होता, म्हणजे हक्क तिचा होता. समोरून एक पोरगी सुसाट आली. थोरलीने शीड सोडलं नाही. ती पोरगी वळली. थोरली भोंग्याबरोबर सुटली आणि अकरावी आली. किनाऱ्यावर कळलं की भोंग्याबरोबर नाही, आधीच सुटली होती. शर्यत बाद. फळ्यावर तिच्या नावापुढे त्या दिवशीचा सगळ्यात वाईट निकाल लागला. अखेर ती सेहेचाळिसावी राहिली.

धाकटीचा फोन आला. "किती आधी निघालीस?"

"अर्धा सेकंद, म्हणाले."

"वेंधळी," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

परत आल्यावर थोरलीने खेळाच्या संघटनेला पत्र लिहून सगळं कबूल केलं. दोन ओळींचं उत्तर आलं: जुनी प्रकरणं पुन्हा उघडता येत नाहीत. मास्तरांनी पत्राचं ऐकलं आणि बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. आई तर कडाडली, "नऊ वर्षं मी दोघींना एका ताटात जेवू घातलं, ते हे उकरण्यासाठी?" महिनाभर तिने थोरलीचं तोंड पाहिलं नाही.

पत्राची प्रत थोरलीने धाकटीला नेऊन दिली. तिने ती गिऱ्हाइकांदेखत, काउंटरवरच वाचली.

"शर्यतीची तारीख चुकलीये," ती म्हणाली. पेनाने दुरुस्त केली, कागदाची घडी घालून खणात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "जवळचा नंबर की लांबचा?"