तपकिरी तिकिटाची जागा

माझे हात कधी शांत नसतात. आत्ता हे लिहितानाही डावा हात टेबलावर तबला बडवतोय. तरुणपणी तर विचारूच नका. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी जेवायला बसलो की आई म्हणायची, "पाय हलवू नको रे मेल्या, ताट हलतंय." ठाण्याला कचेरीत मी कारकून होतो, तिथे माझ्या टाकाची निबं आठवड्याला एक मोडायची. अशा माणसाने पोस्टाची तिकिटं जमवायचा छंद का धरावा, देव जाणे! त्याला लागतो चिमटा, भिंग आणि गरीब गाईचा स्वभाव. पैकी चिमटा आणि भिंग माझ्याकडे होतं.

त्यातही राजाराणीची तिकिटं मला नकोच होती. माझं खूळ वेगळं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या मोठ्या शहरांत खासगी टपाल कंपन्या होत्या. गावातल्या गावात पत्र पोचवायचं, सरकारी टपालापेक्षा स्वस्तात, आणि त्यावर चिकटवायचं कंपनीचं स्वतःचं तिकीट. शतक संपता संपता सरकारने त्या बंद करून टाकल्या. कंपन्या गेल्या, तिकिटं तेवढी मागे राहिली. छापील आल्बमात त्यांना जागा नसायची. मुंबईचे तिकीटवाले हसायचे, "ये तो लेबल है, साहब." आई तर सरळ म्हणायची, "औषधाच्या बाटलीवरचा कागद आहे तो. आणि त्याच्यासाठी वेगळी वही?"

हे खूळ मला लावलं कल्याणच्या काकांनी. नात्यातले नव्हेत. कल्याणच्या वाचनालयात मी एक जुनं मासिक फडाफडा उलटत होतो, तर समोरच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, पानं उलटताय की वारा घेताय?" तिथून ओळख. राहायचे पारनाक्याजवळ, मुलगा-सुनेकडे. तरुणपणी ते मुंबईत रंग विकणाऱ्या एका जर्मन पेढीत नोकरीला होते. पहिलं महायुद्ध लागलं, पेढीला टाळं लागलं, आणि जाताना तिथल्या साहेबाने खणातली जुनी पाकिटं काकांच्या हातात ठेवली. त्याच्या आईची पत्रं होती ती. लहानपणी हा शाळेच्या वसतिगृहात, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि खासगी टपालवाला दोघांच्या मध्ये. "परत आलो की घेईन," म्हणाला होता. तो परत आला नाही.

काकांनी ती चाळीस वर्षं सांभाळली. मी दर रविवारी जायचो. ते एकेक पाकीट दाखवायचे आणि मी खुर्चीत चुळबुळत राहायचो. एका कंपनीची चार तिकिटं होती: हिरवं, निळं, तांबडं आणि तपकिरी. पहिली तीन त्यांच्याकडे सुटी होती. वर्षभरात ती त्यांनी मला दिली. मी वहीत चार चौकोन आखले, तीन भरले. चौथा कोरा. तो कोरा चौकोन मला कचेरीत दिसायचा, जेवताना दिसायचा. वेड लागायची पाळी आली.

तपकिरी तिकीट एकच होतं आणि ते पाकिटावर चिकटलेलं होतं. एका रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, बशीत पाणी घेऊ. दहा मिनिटांत सुटतं की नाही बघा. तिकीट मला, पाकीट तुम्हाला."

एरवी त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी चढला.

"शिक्का बघ," ते म्हणाले. "अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. हे पत्र खरंच कुणीतरी चालत नेऊन दिलं, त्याचा हा पुरावा. तू तिकीट सोडवलंस की उरेल काय? तुझ्या आईचं म्हणणं खरं होईल. बाटलीवरचा कागद!"

"मग सबंध पाकीट द्या."

"देईन. पण आज नाही. तुझ्या हातांना धीर नाही. ते शांत झाले की ये."

मला झोंबलं. सत्तावीस वर्षांचा बाप्या मी, आणि हा माणूस मला शाळकरी पोरासारखं उठवतोय! चपला घातल्या आणि तरातरा निघालो. चहा कपात तसाच राहिला.

त्यानंतर मी गेलोच नाही. चार महिने. त्यांचं एक कार्ड आलं, "बरेच दिवसांत येणे नाही." मी उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, "प्रकृती जरा नरम आहे. सवडीने येऊन जावे. घाई नाही." ते 'घाई नाही' वाचून मी आणखी भडकलो, म्हटलं, म्हाताऱ्याला अजून टोमणे सुचतायत. डोंबिवलीहून कल्याण काय दूर आहे? पण अडून बसलो. असा गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण याच्याइतका नाही.

थंडीत कचेरीच्या कामाने मला चार दिवस शहापूरकडे जावं लागलं. परतलो तो भर दुपारी. हातपाय धुतले आणि सवयीने टेबलाकडे गेलो. वहीवर दोन आण्याचं तिकीट वाळत ठेवलेलं. लाल, नटराजाचं. तसली ढिगाने मिळायची. कडा सरळ, मागचा गोंद पार धुतलेला, शिक्का मात्र अर्धाच.

"हे कुठून आलं गं?"

आई दारात येऊन उभी राहिली. "आधी पाणी पी," म्हणाली. मग म्हणाली, "ते तुझे कल्याणचे काका गेले रे. तू गेलास त्याच दिवशी पत्र आलं, त्यांच्या मुलाचं."

मी विचारलं, "पत्र कुठाय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे मयताचं पत्र घरात ठेवत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, वाचलं की तिथंच फाडायचं. तुकडे चुलीत नाही घालायचे, तिथे अन्न शिजतं. ते जायचे बंबात, अंघोळीच्या पाण्याखाली. त्या पत्राबरोबर जे आलं असेल ते सगळं. लहानपणापासून मी हे बघत आलेलो. माझ्या आजीची, मामाची, सगळ्यांची पत्रं अशीच गेली होती.

"जाड होतं पाकीट," आई म्हणाली. "मुलाचं पत्र, ते मी वाचलं. मग एक घडी घातलेला कागद. आणि एक जुनं पिवळं पाकीट, वर कसलंसं लेबल डकवलेलं."

"कुठलं लेबल? रंग कुठला?"

"चहासारखा."

मी बंबाकडे धावलो. काय म्हणून धावलो? चार सकाळी पेटलेला बंब तो! खालचं झाकण काढलं, हात घातला, राख उपसली, कोपरापर्यंत काळा झालो. आई मागे उभी राहून "अरे, अरे" करत होती. मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढं लिहितो की शेजारच्या बाई दाराशी आल्या आणि मला बघून तशाच मागे वळल्या.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मयताच्या पत्राचं काहीएक घरात ठेवू नये. माझ्या सासूने ठेवलं नाही, मी ठेवलं नाही. पण तुला तिकिटांचं वेड, म्हणून वरचं तिकीट काढलं. बशीत पाणी घेऊन सोडवलं, तू करतोस तसं. दोनदा धुतलं. मला भीती वाटत होती रे."

मग ती आत गेली. मी राखेत बसून राहिलो. आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की काका गेले. इतका वेळ मी तिकिटासाठी ओरडत होतो. माणसाचं नाव एकदाही तोंडात आलं नव्हतं. लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्याच दिवशी कल्याणला गेलो. टांगा केला नाही, पारनाक्यापर्यंत चालत गेलो, तरी लवकर पोचलो. त्यांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. मुलगा म्हणाला, "पोचलं ना हो पाकीट? बाबांनी बजावलं होतं, पाकीट तसंच्या तसं जाऊ दे. आणि चिठ्ठी. दोन दिवस लिहीत होते. हात चालत नव्हता, तरी मला लिहू देईनात. म्हणाले, त्याला माझंच अक्षर पाहिजे." मग त्याने विचारलं, "काय लिहिलं होतं? आम्ही उघडली नाही. तुमच्यावर रागावले नव्हते ना?"

तो घडी घातलेला कागद! आईने तो उघडलासुद्धा नव्हता. खरं सांगायचं तर सांगावं लागणार की त्यांच्या बापाचं शेवटचं अक्षर आमच्या बंबात गेलं, आणि त्यावर मी अंघोळ केली नाही एवढंच.

"रागावले नव्हते," मी म्हटलं. "सावकाश ये, असं लिहिलं होतं. घाई नाही."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी बाबा," तो म्हणाला. आत जाऊन त्याने बायकोला सांगितलं, ते मला बाहेर ऐकू आलं. सुनेने चहा आणला. तो मी सबंध प्यायलो.

घरी आलो, वही उघडली. कंपनीचं हिरवं, निळं, तांबडं, आणि चौथा कोरा चौकोन. त्यात ते दोन आण्याचं तिकीट लावलं. चौकोन लहान, तिकीट मोठं, चारी बाजूंनी बाहेर आलं. हात शांत वगैरे झाले नव्हते. तिरपंच चिकटलं. शिक्क्याची अर्धी गोलाई तेवढी होती. उरलेली अर्धी पाकिटाबरोबर गेलेली.

आदल्या दुपारपासून माझ्याशी न बोललेली आई मागे येऊन उभी राहिली. वाकून बघितलं. म्हणाली, "भरली का रे जागा? कुठल्या गावचं हे?"

"कल्याणचं," मी म्हटलं.