तिसरी कॉफी

अंगणातल्या तांब्याच्या कढईत आलुबुखारं निम्मी आटली होती. फळं आटवून मुरांब्यासारखं घट्ट पेकमेझ करायचं म्हणजे पहाटे चुलीवर चढवायचं आणि दिवस कलेपर्यंत ढवळत राहायचं. हात थांबला की तळाला लागलंच. झुम्राचा हात थांबला. फाटकाशी देसान्का उभी होती.

लढाईआधी दोघींच्या परसांमध्ये एकच कुंपण होतं, तेही कोंबड्यांसाठी. ईदेला झुम्राकडचा बकलावा तिकडे जायचा, देसान्काच्या ईस्टरला रंगवलेली अंडी इकडे यायची. दोघींनी एकमेकींची थाळी कधी रिकामी परत केली नव्हती. मग ते दिवस आले. झुम्रा दहा वर्षांच्या लेकाचा हात धरून झेनित्सा शहराकडे निघाली आणि तिने एका शाळेच्या तालीमखान्यात चटईवर तीन हिवाळे काढले. नवरा रेम्झो मागे राहिला. "गायीला कोण बघेल?" हे त्याचं शेवटचं बोलणं. गायही गेली, तोही गेला. गावातल्या बाकीच्यांची हाडं एकेक करून सापडली, नातेवाइकांच्या रक्ताशी जुळली, पांढऱ्या दगडांखाली निजली. रेम्झोचा दगड तेवढा बाकी.

तह झाला तेव्हा कुणीतरी नकाशावर रेघ ओढली. ती झुम्राच्या शेतातून गेली. घर एका बाजूला, आलुबुखारांची बाग दुसऱ्या. पलीकडच्या पाटीवर गावाचं नाव दुसऱ्या लिपीत, आणि तेही नवं. परतून आल्यावर ती सगळ्यांना सांगायची, "माझी फळं परदेशी आहेत बरं, जपून खा." लोक हसायचे. ती मात्र फळं तोडताना दर वेळी पायांखालच्या मातीकडे बघायची. कुठे असेल तो?

आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं: रेम्झो नाहीसा झाला त्या आठवड्यात नदीच्या पुलावर पहाऱ्याला उभा होता तो देसान्काचा नवरा, रादोये. तो याच वसंतात अंथरुणात वारला. शेवटी शेवटी फार बोलायचा, असं कानावर आलं होतं.

म्हणून देसान्काला पाहताच झुम्राचा हात थांबला होता.

"जिवंत आहेस तर!" देसान्का म्हणाली.

"मरायला सवड मिळाली तर ना. ये. बूट राहू दे पायांत."

"राहू दे म्हणशील आणि मी गेल्यावर आठवडाभर फरशी घासशील. ओळखते मी तुला." तिने दारातच बूट काढले आणि पिशवीतून कॉफीचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पाहुणी म्हणून आली होती ती, रीतीने कॉफी घेऊन.

कढई सुनेच्या, सेनिदाच्या हवाली झाली. झुम्राने पहिली कॉफी केली, या-बसाची. देसान्का थकली होती, केस पांढरे झाले होते. दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, लेकरांबद्दल बोलल्या. झुम्राचा लेक स्लोव्हेनियात भिंती रंगवतो, देसान्काची लेक ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते.

"देशात काय, आपणच उरलो," देसान्का म्हणाली.

"कुठल्या देशात? तुझ्या की माझ्या?"

देसान्का हसली, पण कप नुसता फिरवत राहिली. दुसरी कॉफी झाली, बोलण्याची. बोलणं मात्र होईना. खिडकीतून नदीकडे बघत देसान्का म्हणाली, "तो जुना चुन्याचा भट्टा... आहे का गं अजून?"

"आहे. झुडपं माजलीत. सुरुंगांच्या भीतीने कुणी जात नाही तिकडे."

"रादोये म्हणायचा..." देसान्काने घोट गिळला. "जाताना तो म्हणायचा..."

झुम्रा ताडकन उठली. का उठली, तिचं तिला कळलं नाही. हात आपोआप चालले: झेझ्वाचं भांडं विस्तवावर, पाणी, कॉफी, फेस. चौदा वर्षं हेच ऐकायचं होतं, दर नमाजानंतर हेच मागितलं होतं. आता ते दारातून आत येऊन बसलं होतं, आणि तिला वाटत होतं की ऐकलं तर रेम्झो खरंच मेला. तिने भरलेला तिसरा कप देसान्कापुढे ठेवला.

देसान्का कपाकडे बघत राहिली. मग एका दमात प्याली, उभी राहिली, ओढणी सारखी केली.

"बस गाठायला हवी. रविवारपर्यंत पलीकडे भावाकडे आहे मी."

"अगं, बस ना..."

"पेकमेझ लागेल तुझं." तिने बूट चढवले. फाटकापाशी एकदा वळली आणि निघून गेली.

सेनिदा पळी घेऊनच आत आली. टेबलावरचे कप बघितले आणि कपाळावर हात मारला. "आई! तिसरी कॉफी कुणी दिली? अजून ऊनही कललेलं नाही. त्या कॉफीने आपण पाहुण्याला दार दाखवतो, हे मला तुम्हीच शिकवलंत!"

"चुकून झालं."

"चुकून?" सेनिदाचा आवाज उतरला. "बाबांबद्दल सांगायला आल्या होत्या ना त्या?"

झुम्रा दुपारच्या नमाजाला उभी राहिली. रकातांच्या किती फेऱ्या झाल्या ते विसरली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा विसरली. डोळ्यांपुढे भट्टा, झुडपं, देसान्काचा तो फिरणारा कप. शेवटी जायनमाजाच्या चटईवर तशीच बसली. अल्लाने मागितलेलं हातात ठेवलं आणि मी ओंजळच मागे घेतली, असं मनात येऊन तिचं तोंड कडू झालं. देसान्का किती दिवस हे ओझं उचलायला भीत असेल! इतक्या लांबून ते आणलं, आणि आपण तिला उंबऱ्यावरून परत धाडलं. ती पुन्हा यायची नाही. कोण येईल?

ती उठली, अंगणात गेली. पेकमेझ काळंभोर झालं होतं, कडेला जरासं लागलं होतं. तिने न लागलेलं वरचं एका बरणीत भरलं आणि वर स्वच्छ फडकं बांधलं.

"हे कुणाला?" सेनिदाने विचारलं.

"सकाळच्या बसने पुलापलीकडे जाते. तिच्या भावाचं घर ठाऊक आहे मला."

"मीही येते."

"तू कढई घास. ऐकायचं ते मलाच ऐकायला हवं. आणि सांगून ठेव तुझ्या नवऱ्याला, बापाला माती द्यायला रजा काढावी लागेल."

टेबलावर देसान्काचं पाकीट तसंच होतं. तिचीच कॉफी घेऊन तिच्याकडे कसं जायचं? झुम्राने ओढणी बांधली आणि दुकान बंद व्हायच्या आत कॉफी आणायला निघाली.