नटीच्या कमरेचं माप

सहावीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि मी कोकणातून थेट सोलापुरात येऊन पडले. नवरा मिलमध्ये, मी शिलाई मशीनवर. आम्हाला राहायला खोली दिली ती सिनेमातल्या एका मोठ्या नटीच्या आईनं. गल्लीतल्या लहानथोरांची ती अव्वा. ज्वारीची भाकरी तिनंच मला शिकवली. पहिली भाकरी बघून म्हणाली, "ह्यो कुटल्या देशाचा नकाशा ग?"

नटीचे घरात घालायचे परकर-पोलकी मीच शिवायची. तसा अव्वाचा हुकूमच होता. "मुंबईचे शिंपी पोरीला श्वास घिऊ देत न्हाईत," म्हणायची.

त्या वर्षी लग्नानंतर नटी पहिल्यांदाच माहेरी आली. अव्वानं दार लावून घेतलं आणि मला माप घ्यायला सांगितलं. कमरेला टेप लावली तर तीस! गेल्या खेपेपेक्षा तीन इंच जास्त. मी वर बघितलं, तर नटी गालातल्या गालात हसत होती.

"चौथा लागलाय," अव्वा म्हणाली. "हातातलं पिक्चर अजून दोन म्हैनं चालंल. तवर कळलं तर हिच्या जागी दुसरी उभी करतील. तुज्या तोंडातनं माप ग्येलं, तर माज्या पोरीचं काम ग्येलं. ध्यानात ठेव."

जिच्या छपराखाली राहायचं, तिच्या लेकीचं काम माझ्या जिभेवर!

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांना एकाएकी पोलकी शिवायची आठवण झाली. पहिल्या आल्या मास्तरीणबाई.

"नटीची कंबर किती ग? खरं सांग."

मला खोटं नीट बोलता येत नाही आणि गप्प बसणं तर त्याहून येत नाही. टेप त्यांच्याच कमरेला होती. मी बोलून गेले, "तुमच्याएवढीच की. छत्तीस."

मास्तरीणबाई आरशासमोरून हलेचनात.

मग काडीसारखी कासारीण आली. तिलाही तेच सांगितलं. "तुमच्याएवढीच. चोवीस." आठवडाभरात अशा अकरा झाल्या. गल्लीत कुणी सरळ चालेना.

आणि एका सकाळी नळावर फुटलं.

"छत्तीस!"

"चोवीस! मला कशाला खोटं सांगंल? मी तिला बांगड्या भरते."

पोस्टमनची बायको म्हणाली, "मला तर तीस सांगितली." तिला सगळ्यांनी मिळून हसून काढलं. "तीस? मग ती नटी कसली, आपल्यातलीच की!"

खिडकीतून सगळं ऐकून अव्वानं मला हाक मारली. मी मनातल्या मनात बोचकं बांधलं होतं.

"किती मापं वाटलीस?"

"अकरा."

"खरं कुटलं?"

"एकच," मला रडू फुटलं. "पोस्टमनच्या बायकोचं. तिची कंबरच तीस आहे, मी काय करू?"

अव्वानं तोंडात पदर कोंबला, तरी हसू आवरेना. "मग तर झालंच! आता खरं सांगून बी कुनाला पटायचं न्हाई. जा, मशीनवर बस."

पिक्चर पुरं झालं. गावात लागलं तेव्हा नटीची लेक पाळण्यात होती आणि आम्ही गल्लीतल्या सगळ्या बायका ते बघायला गेलो. शेवटच्या गाण्यात नटी धान्य पाखडत होती. सबंध गाणं संपलं, पण सूप काही तिनं पोटापुढून हलवलं नाही.

शेजारी पोस्टमनची बायको बसली होती. तीन लेकरांची आई. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"तीसच हुती," ती कानात म्हणाली. "नटीची तीस म्हंजी दिवस गेल्यात, हे मला नळावरच कळलं हुतं. पर कुनाला बोलले का?"