लॅमिनेट केलेला लेख

बांडुंगमध्ये ज्याच्या घराला भिंत आहे, त्याच्याकडे लॅमिनेट केलेलं काहीतरी असतंच. लग्नाचा दाखला, पोराची पदवी, एकाकडे तर विजेच्या जोडणीची पावतीसुद्धा पाहिली मी. आमचे सर बापाक कुस्नादी (इंडोनेशियात वडीलधाऱ्या माणसाला बापाक म्हणायचं), त्यांच्या बैठकीत एक इंग्रजी लेख होता. सिंगापूरहून निघणाऱ्या आणि केव्हाच बंद पडलेल्या संगणक मासिकात तो त्यांच्या ऐन तरुणपणी छापून आला होता. शेजारी फोटो, फोटोत मिशी. लहान संगणकावर लांबलचक याद्या क्रमाने लावायची एक युक्ती त्यात सांगितली होती. हा त्यांचा परदेशात छापलेला पहिला लेख, आणि शेवटचाही.

ती युक्ती बापाकांनी आमच्या विद्यापीठात सगळा जन्मभर शिकवली. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. परीक्षेत माझा प्रोग्राम गरागरा फिरत राहिला, थांबेचना. बापाक म्हणाले, "टायपिंगमध्ये घोळ घातलायस तू," आणि नापास करून मोकळे झाले. पुढे दरवर्षी दोन-चार पोरांच्या टायपिंगमध्ये नेमका तोच घोळ निघायचा. आता मी त्यांच्याच विभागात शिकवतो आणि त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून गावभर हिंडवतो. यावरून माझी हिंमत ओळखा.

आमच्याकडे साध्या व्याख्यात्याला पासष्टाव्या वर्षी घरी पाठवतात. प्राध्यापक झाला तर सत्तरीपर्यंत खुर्ची शाबूत. बापाकांना चौसष्टावं लागलं तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला, कारण घरी त्यांना कोणी विचारत नव्हतं. प्राध्यापकपदाच्या अर्जाला परदेशी लेख लागतो. त्यांनी भिंतीवरचं पान उतरवलं, काखेत मारलं आणि थेट कार्यालय गाठलं.

काउंटरवरच्या मुलीने प्लास्टिकवर टिचकी मारली. "बापाक, हे नुसतं पान झालं. अख्खा अंक आणा. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, सगळं. असलं एक पान तर आमच्या गल्लीतला झेरॉक्सवालाही करून देईल."

"हा माझा फोटो आहे!"

"मिशी कुठाय मग?"

आता अंक आणायचा कुठून? मासिकाने लेखकाला दोन अंक पाठवले होते. एकातलं पान ब्लेडने कापून स्वतःच्या भिंतीवर गेलं, दुसऱ्यातलं गारुतला सासऱ्यांच्या भिंतीवर. बाकीचे कागद बायकोने कपाटात अंथरले, ते वाळवीने खाल्ले. ग्रंथालयात पूर्ण संच होता, पण 'आता सगळं इंटरनेटवर मिळतं' असा निर्णय घेऊन एका समितीने तो रद्दीत घातला. समितीचे अध्यक्ष कोण, हे वेगळं सांगायला नको. इंटरनेटवर ते मासिक तेवढं नव्हतं.

म्हणून आम्ही जुन्या पुस्तकांच्या बाजारात चेउ एंतिनकडे गेलो. या बाई चाळीस वर्षं तिथे बसतात. सगळा बाजार त्यांना चेउ, म्हणजे ताई, म्हणतो आणि वचकून असतो.

"कंप्यूटरची मासिकं?" चेउ गठ्ठ्यांमागून म्हणाल्या. "येतात की. पण कोणीतरी गेल्यावर. तुम्ही मास्तर लोक जिवंतपणी कागद सोडता कुठे? चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं की बायको फोन करते, चेउ, घेऊन जा बाई ही अडगळ, मला खोलीत पाय ठेवायला जागा नाही."

"मला घाई आहे," बापाक म्हणाले.

"मग काय, कोणाच्या तब्येतीची चौकशी करू?"

मला हसू आवरेना. बापाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नापास झालो.

चेउंनी जरा आठवून पाहिलं. "ते सिंगापुरी मासिक एकच माणूस न चुकता घ्यायचा. बापाक महदार. एक अंक उशिरा आला तर माझं डोकं खायचे. पण ते ठणठणीत आहेत हो. रोज सकाळी फिरायला जातात."

महदारांचं नाव निघताच बापाकांचं तोंड कडू झालं. दोघे एकाच विभागातले, एकेकाळी एकाच डब्यात जेवणारे; महदार त्यांना नुसतं 'कुस' म्हणायचे. लेख छापून आला तेव्हा बापाकांनी पिवळ्या भाताचा डोंगर रचून गल्लीला जेवण घातलं होतं. आमच्याकडे असल्या पंगतीत कोणी कोणाची चूक काढत नाही. जेवायचं, अभिनंदन म्हणायचं, उरलेलं डब्यात भरून घरी न्यायचं. सगळ्यांनी तसंच केलं. महदारांना विचारलं, लेख कसा वाटला, तर ते म्हणाले, "अजून वाचतोय." बापाकांना हा भर पंगतीतला अपमान वाटला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

पण खुर्ची फार वाईट. आठवडाभर कुढून बापाक शेवटी महदारांच्या दारात उभे राहिले.

"कांग," ते म्हणाले. जुन्या सवयीने तोंडातून दादाच निघालं. "एक अंक हवा होता."

महदारांनी कोणता ते विचारलंच नाही. आत गेले आणि डांबरगोळ्यांचा वास मारणारा अंक प्लास्टिकच्या पिशवीतून आणून हातात ठेवला. बिनसाखरेचा चहा झाला. दोघे पावसापाण्याचं बोलले. बापाकांनी अंक उघडूनही पाहिला नाही, ताठ्यात पिशवीसकट घेऊन निघाले.

तो उघडला थेट काउंटरवर. लेखाच्या मधोमध, समासात, लाल शाईत बारीक सुबक अक्षर होतं: 'दोन नोंदी सारख्या आल्या तर? फिरत राहील, थांबणार नाही.' खाली दोन ओळींत दुरुस्ती.

मी ती दुरुस्ती वाचली आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या टायपिंगचा घोळ काय होता, ते तिथे लिहून ठेवलेलं होतं. आमच्या सगळ्यांच्या टायपिंगचा. बापाकांनीही वाचलं.

"हे लाल कशाला?" मुलीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान मशीनवर उपडं ठेवलं. "काळजी नको बापाक, झेरॉक्स फिकट काढली की लाल उठत नाही." खरंच उठलं नाही. तिने मुखपृष्ठ पाहिलं, पानाचा आकडा पाहिला, शिक्का हाणला. लेखाची एक ओळही वाचली नाही. "झालं तुमचं काम. आता नुसत्या सह्या राहिल्या."

सत्तरीपर्यंतची खुर्ची पक्की झाली होती. बापाक जिन्यावर बसून राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा लेख शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस निघाला होता, आणि त्याच्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. मला त्यांचा राग आला होता, तरी त्या क्षणी वाईटही वाटलं.

"महदारांकडे चल," ते म्हणाले.

महदार ओट्यावरच होते. बापाकांनी अंक त्यांच्या पुढ्यात आपटला. "तेव्हाच का नाही सांगितलंत, कांग? गप्प बसून मजा बघितलीत माझी?"

"सांगायलाच आलो होतो." महदारांनी अंक उचलून पुन्हा पिशवीत घातला. "पंगतीनंतर त्याच आठवड्यात. हाच अंक घेऊन. तू घरी नव्हतास. तुझ्या बायकोने चहा दिला. समोर भिंतीकडे पाहिलं आणि चहा पिऊन परत आलो."

"का पण?"

"लॅमिनेट केलेल्यावर पेन चालत नाही, कुस."