बरणीवरची साय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एरवी स्वतःच्या फजित्या मी पंगतीत तिखटमीठ लावून सांगतो—दुसऱ्याच्या स्कूटरला किका मारून मारून घाम गाळला, तीसुद्धा. ही मात्र घशातून वर येत नाही.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, वासूभाऊ आमचे शेजारी. प्लांटच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि डोक्यात एकच वेड—मोहफुलांच्या साखरपाण्यावर एक खास यीस्ट पोसायचं, त्याच्या अंगी चरबी धरली की तिच्यातून साबणाला लागणारं फॅटी ॲसिड काढायचं. मागच्या पडवीत बरण्यांची रांग. झाकणं हळूच उचलली जायची, पुन्हा बसायची—आत कुणी श्वास घेतंय जणू. चरबी दिसेना, वास मात्र दारूचा. लोक विचारायचे, ग्लास घेऊन येऊ का? कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा मी—सगळ्यात मोठ्यानं हसायचो.

एका होळीला मी एका बरणीत टोरीचं तेल ओतलं. टोरी म्हणजे मोहाचीच बी. वासावरून कोण ओळखणार? पण थट्टेत मुद्दाम एक भोक ठेवलं होतं. यीस्ट चरबी पोटात धरून ठेवतं, ती अशी वर तरंगत नाही—हे मला वासूभाऊंनीच शिकवलेलं. लगेच पकडतील, शिव्या घालतील, मग चहा. असंच व्हायला हवं होतं ना?

थिजलेल्या पिवळट सायीकडे ते बघत राहिले. वहिनींना हाक मारली. त्यांनी ओले हात पुसले आणि बरणीला हळदकुंकू लावलं.

"पेशी फुटल्या असतीन गड्या," वासूभाऊ मला म्हणाले, "म्हणून वर आलं."

माझं भोक त्यांनीच बुजवलं. मी तोंड उघडलं होतं—खरंच. तेवढ्यात ते म्हणाले, "आता नोकरी सोडून देतो."

आणि मी? मी अभिनंदन केलं.

नोकरीबरोबर क्वार्टर गेलं. वसाहतीबाहेर, रिसालीच्या भाड्याच्या खोलीत बरण्या गेल्या. साय पुन्हा कधी आली नाही. वहिनी लोकांचे ब्लाउज शिवू लागल्या. मी जायचो. संध्याकाळी तिकडे प्लांटात वितळलेला स्लॅग—भट्टीतला मळ—ओतला की खिडकी लाल व्हायची, झाकणं वरखाली व्हायची, वासूभाऊ माझ्याकडे एकटक बघायचे. कळलं का यांना?—मी कप खाली ठेवायचो. ते फक्त विचारात असायचे.

शेवटी त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा भेटलो. वहिनी उशाशी होत्या.

"साय आली त्या दिवशी माह्याकडून काय वेगळं झालं होतं रे? तुले आठवते काय?"

मी आठवत असल्यासारखा चेहरा केला. तो मला छान जमतो.

"नाही, वासूभाऊ."

"मंग माह्याच हाताले गुण नाही राहिला," ते वहिनींना म्हणाले.

मी तेही तसंच राहू दिलं.