चमेलीबाईच्या धानाचं जांभळं बूड

"काकी, बाहेर ये! तुझ्या बियान्यानं काय करून ठेवलं, पाय जरा!"

छोटेलालने अंगणात धानाची चार झाडं फेकली. मुळासकट उपटलेली, चिखल गळत असलेली. एक मांडीएवढं, एक कमरेच्या वर. एकाची लोंबी पिकून वाकलेली, दुसऱ्याची अजून पोटरीतच, पानाबाहेर न आलेली. त्याच्या मागे पाच घरचे पाच गडी उभे होते, आणि त्यांच्या मागे अर्धा गाव, कारण आमच्याकडे भांडणाला निमंत्रण लागत नाही.

चमेलीबाई ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"चिखल बाहेर झटकून यायचं होतं न गा. आत्ताच सारवलं मी."

"सारवनं गेलं चुलीत! दोन एकर लावलं मी तुझ्या नावाच्या भरवशावर. अर्धं पिकून गळून राहिलं, अर्धं हिरवं हाये. कापू कवा? का दोनदा कापू?"

"माझ्याय बांधीत तसंच," मागून एकजण बोलला. "अना लोंब्या दाबून पाह्यल्या, तर साऱ्या बदरा."

धानाच्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि आत दाणा नसलेल्या पोचट धानाला बदरा. शब्द निघाला तसं चमेलीबाईचं सूप थांबलं. हा शब्द तिच्यासाठी नवा नव्हता.

आमगावच्या पलीकडल्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती. पाच वर्षं झाली, मूल नाही. सासू रुख्माबाई पाहुण्यांदेखत, वाढता वाढता म्हणायची, "कोठीत बदरा भरून आनला आमी. वरून टपोरा दिसे." दोष कुणाचा हे तपासायला जीवनलालला दवाखान्यात न्यायची घरात कुणाची छाती नव्हती. तो गप्प जेवायचा. चमेलीबाई गप्प वाढायची. पण तिच्या डोक्यात एक हट्ट शिरला. आपल्या हातून जे उगवेल ते असं उगवेल, की या घराला तोंड वर करून बोलता येणार नाही.

तिने आपल्या बापाकडून, उदारामकडून, माहेरच्या धानाच्या वीस लोंब्या पदरात बांधून आणल्या. ते धान जांभुळबुडी. मातीपासून तीन बोटं वरपर्यंत त्याचं बूड जांभळं असतं, वर सगळं हिरवं. बापाने सांगितलं होतं, "दाना पाहून बियानं नको धरू. दाना सोंग करते. माय पाय त्याची, अना मायची सारी पोरं पाय."

म्हणून तिची रीत गावापेक्षा वेगळी. गाव पिकलेल्या धानाची रास करतं आणि त्यातून पोतंभर बियाणं बाजूला काढतं. चमेलीबाई उभ्या पिकात शिरायची. धुऱ्याजवळची, म्हणजे बांधालगतची झाडं सोडायची, तिथे वारं शेजारच्या बांधीतले पराग आणतं. मधली पारखून एकेक लोंबी खुडायची. घरी प्रत्येक लोंबीची वेगळी पुडी. पुढल्या पावसाळ्यात एका लोंबीचे दाणे एका ओळीत. त्या ओळीत एक जरी झाड वेगळं उठलं, एक जरी उंच, एक जरी उशिरा, तरी अख्खी ओळ बाद.

"काऊन व, बाकीची चांगली हायेत न?" बाया विचारायच्या.

"मायच्या पोटात खोट होती. आज एक दिसला, उद्या दहा दिसतीन."

दहाएक वर्षांत तिची बांधी अशी झाली की वरून तराजूची दांडी ठेवावी. गाव तिच्याकडून बियाणं न्यायला लागलं. पैसे नाहीत, मापाला माप, घरचं धान टाकायचं आणि तिचं न्यायचं. रुख्माबाई मेली तेव्हा तिच्याच लेकाच्या घरासमोर बियाण्यासाठी रांग होती. म्हातारीने शेवटपर्यंत चांगला शब्द काढला नाही. चमेलीबाईनेही मागितला नाही.

जीवनलाल गेल्यावर मात्र पायाखालची जमीन हलली. बियाण्याची ती बांधी सातबाऱ्यावर दिराच्या, चंद्रकुमारच्या नावावर होती. त्याने तेव्हा सांगितलं होतं, "वयनी, गावाले तुमचं बियानं पायजे, तवरक बांधी तुमच्याकडं. गावाले नको झालं, का आमची."

म्हणून आज अंगणात कोण आलंय हे तिने आधी पाहिलं नाही. चंद्रकुमार आलाय का, ते पाहिलं. तो आला होता. फाटकाच्या खांबाला टेकून सुपारी कातरत होता. शेजारी त्याचा लेक उमेंद्र, चकचकीत गाडीला टेकलेला. उमेंद्र राहतो गोंदियाजवळ कुडव्यात, शेतीपुरता गावी येतो आणि बोलण्यात निम्मी हिंदी घेऊन येतो.

"मोठी माय, टेंशन मत लो," तो म्हणाला. "वय झालं आता. डोळ्याचं ऑपरेशन झालं. निवडताना चुकलं असेल. होता है."

"माझं चुकलं?"

"कुणी काही बोलत नाही, पण..."

"बोलून तर राहिले सारे! तूच बोलून राहिला."

चंद्रकुमारने सुपारी तोंडात टाकली. "वयनी, आपलं ठरलं होतं. गावाले नको झालं तर बांधी वापस. आता गावच म्हनते."

चमेलीबाई उठली. ती उठली तरी अंगणात फारसा फरक पडत नाही, इतकी ठेंगणी आहे. तिने छोटेलालने फेकलेली चार झाडं उचलली, रांजणाजवळ नेली आणि लेकराचे पाय धुवावेत तशी त्यांची मुळं धुतली. चिखल उतरला. बुडं पांढरट हिरवी.

"हे माझं पोर नाई."

"वा!" छोटेलाल हसला. "पोरं बिघडली, का माय ओरखत नाई!"

"जांभरं बूड कुठं हाये याचं?"

"मले काय मालूम! चिखलात गेलं असन."

"रंग दिला होता का मी, धुवून जायले? चाल तुझ्या बांधीत."

दुसऱ्याच्या बांधीत पाय ठेवायचा नाही हा तिचा नियम. तो तिने त्या दिवशी मोडला. पुढे ती, मागे ती चार झाडं उचलून छोटेलाल आणि बाकी पाच घरं, त्यांच्या मागे गाव. छोटेलालच्या बांधीत ती गुडघाभर चिखलात उतरली आणि दर चार पावलांवर वाकून झाडाचं बूड फाकवून दाखवायला लागली. पांढरं. पांढरं. हिरवट. पांढरं. साठेक झाडं झाली असतील, जांभळं एक नाही. मग सगळ्यांना स्वतःच्या बांधीत नेलं. "आता तुमीच पाहा. जिथं वाटन तिथं." छोटेलालने कोपऱ्यातलं पाहिलं, मधलं पाहिलं, हट्टाने धुऱ्याजवळचंही पाहिलं. जांभळं, जांभळं, जांभळं.

"मिसळलं असेल कुठं तरी," उमेंद्र धुऱ्यावरून म्हणाला. बूट चिखलात घालायला तो तयार नव्हता.

"मिसरलं असतं तर काही तरी जांभरं निघालं असतं. एकही नाई. म्हंजे माझा दानाच तिथं पोचला नाई." तिने डोक्यावरचा पदर खोचला. "छोटेलाल, बियानं कोनी देल्लं तुले? मी तं जेठ महिन्यात डोळ्यासाठी आमगावात बहिनीकडं होती."

"उमेंद्रनं देल्लं. तुझ्या कोठीची चाबी त्याच्याकडंच होती न."

"अना तुमाले?"

बाकी पाचांनी माना हलवल्या. उमेंद्रनेच.

उमेंद्र हसला. "तुझीच कोठी, मोठी माय. तुझंच बियाणं."

"मांग एका साली मीच दुकानच्या थैलीतलं संकरित आनून कोपऱ्यात लावून पाह्यलं होतं," चमेलीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलायला लागली. "काय पीक! एकासारखं एक, अना तगडं. त्याचेच दाने ठेवले अना दुसऱ्या साली लावले. तं असंच झालं, जसं आज छोटेलालच्या बांधीत. कोनी उंच, कोनी ठेंगनं, कोनी बदरा. काऊन? थैलीतल्या दान्याची माय एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा. त्याहीची पयली पोरं सारी सारखी. पन पोरांच्या पोटात दोघंही दडून ऱ्हायते. नातवंडं निघाली का कोनी आज्यावर जाते, कोनी आजीवर, कोनी कोनावरच नाई. घर एक, तोंडं शंभर." तिने उमेंद्रकडे पाहिलं. "मांगच्या साली या गावात संकरित कोनी लावलं होतं?"

अख्ख्या गावाला माहीत होतं. गेल्या दिवाळीत उमेंद्रने त्याच पिकासमोर उभं राहून फोटो काढून घेतले होते.

"काय बोलतेस तू," त्याचा आवाज चढला. "पागल झालीस का? माझं नाव खराब करायचं आहे तुला. पोटी काही नाही म्हणून जळतेस आमच्यावर. आजी बरोबर म्हणायची!"

"काय म्हने तुझी आजी? म्हन न. अर्धा गाव हाये, म्हन."

त्याच्याआधी बोलली दुर्गेश्वरी, त्याची बायको; ती गावातच सासऱ्याकडे राहते. दुर्गेश्वरी आणि चमेलीबाई यांचं चार वर्षांपासून बोलणं नाही. एका आंब्याच्या झाडावरून सुरू झालं होतं, आता झाड वाळलं तरी अबोला हिरवा आहे. ती बायांच्या घोळक्यात लेकीला, भूमिकाला, कडेवर घेऊन उभी होती.

"सांगून टाका न," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू चूप बैस."

"काऊन चूप बसू? थैलीवर लिवलं होतं, याचं बियानं धरू नका म्हनून. मी वाचून दाखवलं. तुमी म्हनले, बाप तगडा तर पोर तगडंच होईन, कंपनीवाले लुटतेत. मोठ्या सासूबाईच्या कोठीतलं बाकी गावालेच सरलं, या सहा घराले उरलं नाई, तं आपले पोते सोडले. मी म्हनली, सांगा लोकाले. तुमी म्हनले, म्हातारीचं नाव सांगतलं का कोनी विचारत नाई."

"दुर्गेश्वरी!"

"ओरडू नका. पोरगी उठते." मग ती चमेलीबाईकडे वळली. चार वर्षांत पहिल्यांदा. "तुमच्यासाठी नाई बोलली मी. कालपासून हे माझ्या माहेरच्याले दोष देऊन राहिले, का तुझ्या भावानं लोकाले खत खराब देल्लं. म्हनून बोलली."

"कोनासाठीही बोल," चमेलीबाई म्हणाली. "आवाज चांगला हाये तुझा."

छोटेलालने उमेंद्रची कॉलर धरली. लोकांनी सोडवली, पण सावकाश, घाई न करता. चंद्रकुमारने सुपारी थुंकली.

"झालं ते झालं वयनी. पोरगा चुकला. बांधी राहू द्या तुमच्याकडं, पयल्यासारखी."

"पयल्यासारखी नाई. पयल्यासारखी म्हंजे पुढल्या साली पुन्हा कोनी झाडं फेकून जाईन, अना तुमी खांबाले टेकून सुपारी कातरसान. माझ्या नावावर करा. कागदावर."

"घरातली गोष्ट घरात..."

"घरातली होती तं अंगनात कायले आनली?"

"करून द्या जी," छोटेलाल म्हणाला. "नाई तं आमी काय हे लावाव?" आणि त्याने मांडीएवढं झाड चंद्रकुमारच्या पायाशी टाकलं. बाकी पाच घरं त्याच्यामागे उभी राहिली, मघा चमेलीबाईसमोर उभी होती तशीच.

संक्रांतीच्या आधी आमगावला वाटणीपत्र झालं. चंद्रकुमारने सही केली आणि परतीच्या ऑटोत तिच्याशी एक शब्द बोलला नाही. अजून बोलत नाही. उमेंद्र कुडव्यातून गावाकडे तीन महिने फिरकला नाही. सहा घरांनी आपापलं धान दोन वेळा कापलं आणि त्यात निघालेला बदरा बैलांनीही नीट खाल्ला नाही.

यंदा जेठात पुन्हा तिच्या दारात रांग लागली. चमेलीबाईने कोठीची चावी कमरेला बांधली आहे. छोटेलाल आला तर तिने त्याला सगळ्यांदेखत पाच मिनिटं उभं ठेवलं.

"काकी, माप टाक न."

"पाय झटक आधी."

दुर्गेश्वरीही आली, टोपली घेऊन. चमेलीबाईने माप भरून ओतलं. "नवऱ्याले हात लावू देऊ नको याले."

"मी कोनाले काय लावू देऊ ते मी पाहीन."

"पाय मंग."

आता कार्तिक लागला आहे. बांधी तशीच उभी आहे, एका उंचीची. फक्त बांधीच्या आतल्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून चांगली आठ-दहा पावलं तोडून, दोन ओळी वेगळ्या आहेत. पांढऱ्या बुडाच्या. त्यातलं एक उंच, दोन ठेंगणी, एकाची लोंबी भरलेली, दुसऱ्याची पोचट. परवा दुर्गेश्वरी धुऱ्यावरून चालली होती. थांबली.

"हे काय लावलं? तुमच्या बांधीत भेसळ?"

"त्या दिवशी छोटेलालनं फेकली न चार झाडं. त्यात एक ठेंगनं होतं, बुंधा मजबूत, लोंबी काठोकाठ भरलेली. ठेवून घेतली." चमेलीबाई वाकून एकेक झाड चाचपत होती. "तुझ्या नवऱ्याची अवलाद हाये. पाहून राहिली, सुधारते का."

दुर्गेश्वरीला हसू आलं, ते तिने गिळलं. "अना सुधारली तर?"

"अजून पाच-सहा पिढ्या लागतीन. दर साली त्यातली बदरा, उंच, उशिराची फेकायची, एक धरायची. मंग कुठं सारी सारखी निघतीन."

"पाच-सहा साल? तुमी अडुसष्ट वर्साच्या हायेत."

"मले मालूम हाये मी केवढी हाये ते."

चमेलीबाईने एक पोचट झाड उपटून धुऱ्यावर फेकलं. ते दुर्गेश्वरीच्या पायाशी पडलं.

"तोंड पाहत उभी कायले हाये? काही काम नसन तं त्या बाजूची ओळ धर. उंच दिसन ते उपट. अना धुऱ्याजवळचं सोड, त्याले हात नको लावू."

दुर्गेश्वरीने चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरली.